जागच्या जागी कोसभर

दहा बाय बाराची खोली, पलंग भिंतीकडे सरकवलेला, डोक्याला हेडसेट. डोळ्यांपुढे माळरान पसरलंय, क्षितिजापर्यंत एक झाड नाही. तुम्ही चालू लागता. चौथ्या-पाचव्या पावलाला हवेत एक जाळी उगवते: पुढे भिंत आहे, थांबा. मग हातातल्या कंट्रोलरचं बटण दाबायचं, लांबवरची एखादी जागा दाखवायची आणि क्षणात तिथे जाऊन उभं राहायचं. आभासी वास्तवातल्या बऱ्याच खेळांत आज प्रवास होतो तो असा. डोळ्यांना अख्खं जग मिळतं, पायांच्या वाट्याला मात्र चार पावलं.

ही चार पावलं हवी तितकी लांबवता यावीत म्हणून तीसहून अधिक वर्षं खटाटोप चालू आहे. माणूस कुठल्याही दिशेने चालला तरी त्याला जागच्या जागी ठेवणारी जमीन बनवायची, हा त्या खटाटोपाचा गाभा. अशा यंत्रांना सर्वदिशी ट्रेडमिल म्हणतात आणि हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे. त्यांच्याविषयी म्हणजे त्यांच्या अपयशाविषयीसुद्धा, कारण या क्षेत्रात शिकण्यासारखं जे काही सापडलं ते बरंचसं यंत्रं फसली तिथेच सापडलं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, यात अवघड ते काय? जिममध्ये पट्टा मागे सरकतो, आपण पुढे चालतो, वजाबाकी शून्य. तसाच आणखी एक पट्टा आडवा घातला की झाली चारी दिशांची सोय. ही समजूत अगदीच भाबडी नाही. बहुतेक मोठी यंत्रं याच कल्पनेवर उभी आहेत. तरीही हेडसेट लावून, पायांकडे लक्ष न देता, स्वयंपाकघरातून दारापर्यंत जावं तितक्या सहज चालता येईल असं यंत्र अजून घराघरांत पोचलेलं नाही. याचं कारण मला असं दिसतं की, ज्याला आपण सरसकट चालणं म्हणतो त्यात प्रत्यक्ष चालत राहणं हाच सर्वांत सोपा भाग आहे. निघणं अवघड, थांबणं अवघड आणि वळणं तर फारच अवघड.

आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं फिरलं की त्या खबर देतात. त्यांच्याशेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांतल्या पडद्यावर चुन्याचे बारीक कण असतात आणि सरळ रेषेतला वेग वाढला किंवा कमी झाला की ते मागे राहतात, पुढे जातात, त्यावरून मेंदूला समजतं. इथे ‘वेग’ नव्हे, ‘वेगातला बदल’ महत्त्वाचा. रेल्वेत डोळे मिटून बसलं तर गाडी सुटलेली कळते आणि ब्रेक लागलेला कळतो. मधला एकसारखा वेग कानाला कळत नाही. म्हणून एका लयीत सरळ चालणाऱ्या माणसाला रस्ता आणि पट्टा यांतला फरक आतल्या कानाकडून फारसा समजत नाही. फसवणूक उघडी पडते ती सुरुवातीला आणि शेवटी.

थोडा हिशेब करू. माणूस साधारण सेकंदाला १.४ मीटर चालतो. तो निघाल्याबरोबर पट्ट्याने तेवढाच वेग घेतला तर पाय मागे खेचले जातील आणि माणूस तोंडावर पडेल. म्हणून पट्ट्याला दमाने वेग घ्यावा लागतो. समजा, दर सेकंदाला वेग अर्ध्या मीटरने वाढवला. बरोबरी व्हायला २.८ सेकंद लागतील आणि तेवढ्यात माणूस मधल्या बिंदूपासून जवळजवळ दोन मीटर पुढे गेलेला असेल. आता त्याला मागे आणायचं, तेही त्याच्या नकळत. तो मध्यावर पोचतो न पोचतो तोच थांबला, तर पट्टा हळूहळू थांबेपर्यंत त्याला दोन मीटर मागे घेऊन जाणार. पुढे दोन, मागे दोन, डावी-उजवीकडे तेवढंच. म्हणजे चार मीटर बाय चार मीटरची हलती जमीन झाली, आणि आपला माणूस अजून नाकासमोरच चालतोय! दहा बाय बाराच्या खोलीचा प्रश्न सोडवायला निघालेलं यंत्र त्या खोलीत मावत नाही, ही या सगळ्या विषयाची मुळातली अडचण.

ट्रेडमिलचा इतिहास तसा जुना आहे आणि त्याची सुरुवात काही प्रसन्न नाही. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८च्या सुमारास कैद्यांसाठी पायचाक तयार केलं. फिरत्या पिंपासारख्या मोठ्या चाकावर पायऱ्या आणि त्यांवर तासन् तास चढत राहणारी माणसांची रांग. लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगातलं चाक विशेष गाजलं. ऑस्कर वाइल्डलाही या शिक्षेची चव चाखावी लागली. आपल्याकडे अंदमानचा कोलू ‘माझी जन्मठेप’मुळे घरोघरी माहीत आहे, चालून कुठेच न पोचण्याची शिक्षा देण्यात ब्रिटिश तुरुंगव्यवस्था वाकबगार होती. पुढे हृदयरोगतज्ज्ञांनी ट्रेडमिल तपासणीसाठी घेतली, मग ती व्यायामशाळेत आली, पण या पुस्तकाला त्या प्रवासाशी फार कर्तव्य नाही.

आपली गोष्ट सुरू होते ती अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, १९८०च्या दशकात. फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या संगणकशास्त्र विभागासाठी सिटरसन हॉल नावाची नवी इमारत व्हायची होती. ब्रुक्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नकाशांवरून ती इमारत आधी संगणकात उभी केली आणि तिच्यातून हिंडण्यासाठी एक ट्रेडमिल लावली. पुढे जायचं तर पाय चालवायचे. वळायचं असेल तर समोरचं सायकलसारखं हँडल फिरवायचं. लॉबीतल्या एका भिंतीमुळे जागा कोंदट होईल अशी पुढे तिथे काम करणार असलेल्यांची तक्रार होती. नकाशावर ती पटत नव्हती. आभासी इमारतीतून चालून पाहिल्यावर पटली आणि भिंत हलली. इमारत बांधण्याआधी तिच्यातून चालून काही बदलल्याचं हे फार सुरुवातीचं उदाहरण. मला मात्र त्यातलं हँडल जास्त बोलकं वाटतं. चालणं पायांनी आणि वळणं हातांनी, ही वाटणी ब्रुक्स यांच्या चमूने नाइलाजाने केली होती. नंतरचे बहुतेक प्रयत्न हँडल काढून टाकण्यासाठीच झाले.

हँडल काढायचं ठरवलं ते अमेरिकी सैन्याच्या गरजेतून. वैमानिकाला सरावासाठी खुर्ची पुरते, रणगाड्याच्या चालकालाही पुरते. पायदळाच्या सैनिकाचं काय करायचं? डेव्हिड कारमीन यांनी पायदळाच्या प्रशिक्षणासाठी दोन पट्ट्यांचं यंत्र बांधलं. वरचा पट्टा हजारो छोट्या रुळांचा विणलेला, त्याखाली त्याला काटकोनात धावणारा दुसरा पट्टा. वरचा पट्टा सरकला तर माणूस मागे-पुढे जातो. खालचा सरकला तर वरचे रूळ जागच्या जागी गरगरतात आणि माणूस डावी-उजवीकडे जातो. दोन्ही एकदम चालवले की कुठलीही तिरकी दिशा साधते. कल्पना देखणी आहे. मी पहिल्यांदा आकृती पाहिली तेव्हा बराच वेळ नुसती पाहत राहिलो. १९९७ साली कारमीन यांनी रुडॉल्फ डार्केन आणि विल्यम कॉकेन यांच्याबरोबर त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्यात अडचणही प्रामाणिकपणे मांडली. सरळ चालणाऱ्याला यंत्र नीट सांभाळतं. पण माणूस मध्यापासून दूर असताना यंत्र त्याला परत ओढत असतं, आणि नेमका त्याच वेळी तो वळला तर त्याची चाल एकीकडे आणि जमिनीची ओढ भलतीकडे. पाय अडखळतात. पायदळाचा सैनिक तर सारखा वळणारच: कोपऱ्याआड डोकावणार, गुडघ्यावर बसणार, आडवा सरकणार.

जपानमध्ये त्सुकुबा विद्यापीठात हिरोओ इवाता यांनी या प्रश्नाला जितक्या बाजूंनी हात घातला तितका क्वचितच कुणी घातला असेल. त्यांच्या ‘टोरस ट्रेडमिल’मध्ये बारा पट्टे शेजारी-शेजारी कड्यासारखे जोडलेले होते. २००४ साली त्यांनी दाखवलेलं यंत्र तर गमतीदार आहे: चार सुट्या फरशा, प्रत्येकीच्या पोटात चाकं. माणसाने पाऊल पुढे टाकलं की मागची रिकामी फरशी वळसा घेऊन धावत पुढे येते आणि पुढच्या पावलाखाली जाऊन थांबते. तोवर पायाखालच्या फरशा त्याला मागे नेत असतात. चालणाऱ्याला अर्थातच दमानं घ्यावं लागे, नाहीतर फरशी पोचायच्या आत पाऊल पडायचं. त्यानंतर त्यांनी चाकं बुटांना लावली, मग बुटांना दोऱ्या बांधून मोटरींनी ओढल्या. बाजारात यांतलं काही आलं नाही. तरी या विषयातल्या कल्पनाशक्तीचा मोठा वाटा या एका प्रयोगशाळेचा आहे, म्हणून तिला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिलंय.

सगळ्यांत भव्य प्रयत्न युरोपचा. २००५ ते २००८ या काळात जर्मनीतल्या ट्युबिंगेनची माक्स प्लांक संस्था, म्युनिकचं तंत्रविद्यापीठ, झ्युरिकचं ईटीएच आणि रोमचं सापिएन्झा विद्यापीठ यांनी मिळून ‘सायबरवॉक’ बांधलं. पंचवीस पट्टे एकमेकांना लागून साखळ्यांवर चढवलेले. पट्टे एका दिशेला धावतात आणि पट्ट्यांची अख्खी रांग दुसऱ्या दिशेला. एकेक बाजू सुमारे साडेसहा मीटर. मघाशी केलेला हिशेब इथे लोखंडात उतरलेला दिसतो. रोमच्या चमूकडे होतं ते नियंत्रणाचं काम, आणि माझ्या मते खरी करामत तिथे आहे. माणूस किती वेगात आहे हे पाहून नुसतं मागे ओढणं सोपं. त्याला धक्का जाणवणार नाही इतक्या बेताने ओढणं हे नाजूक काम. चालणारा थांबला की जमीन एकदम थांबत नाही. ती हळूच त्याला मध्यावर आणून सोडते. ‘सायबरवॉक’वर माणसं खरोखर मोकळेपणी हिंडली. पण त्यासाठी एक दालन आणि कित्येक टनांचं यंत्र लागलं.

‘सायबरवॉक’वर काम करणाऱ्या यान साउमन यांनी २००९ साली सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केलेलं एक संशोधन मला या सगळ्या यंत्रांइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्यांनी माणसांना जर्मनीतल्या एका सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडून सांगितलं, सरळ चालत राहा. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी चाललेले लोक मात्र वर्तुळं काढू लागले, स्वतःच्याच वाटेला छेदू लागले. त्यांना पत्ता नव्हता. डोळे बांधलेल्यांची वर्तुळं तर कधी कधी वीसेक मीटर व्यासाइतकी लहान निघाली. आपल्याकडे रात्रीच्या वाटसरूला चकवा लागतो आणि तो पहाटेपर्यंत त्याच बांधाभोवती फिरत राहतो, हे कोकणात किंवा विदर्भात कुणालाही विचारा. चकव्याला भूत लागत नाही. खुणा नसल्या की माणसाची सरळ चाल आपोआपच वाकते.

हाच दुबळेपणा कामाला लावायची युक्ती नॉर्थ कॅरोलायनातच २००१ साली शरीफ रझ्झाक आणि सहकाऱ्यांनी मांडली होती. चालणाऱ्याला दिसणारं जग त्याच्या नकळत किंचित फिरवायचं; तो ते सावरायला आपली चाल किंचित वाकवतो आणि सरळ चाललो असं समजून गोल फिरतो. ठरवून लावलेला चकवाच म्हणा. ना पट्टा, ना मोटर. पुढे २०१०च्या एका मापनात असं आढळलं की सुमारे २२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर माणूस फिरला तर त्याला वाकल्याची शंका येत नाही. क्रिकेटमधल्या तीस यार्डांच्या वर्तुळाहून हे थोडंच लहान. एवढं मैदान ज्याच्याकडे आहे त्याला ट्रेडमिलची गरज नाही. आपल्याकडे ते नाही. डोळा एका जागेवरून दुसरीकडे झेप घेतो त्या क्षणी जग जास्त फिरवून वर्तुळ आवळण्याचे प्रयोग नंतर झाले आहेत. हा मार्ग मला पट्ट्यांपेक्षा अधिक चतुर वाटतो. पट्ट्यांवरच जीव जडलेल्या मित्रांना हे आवडणार नाही.

आता उंदरांकडे वळू. सर्वदिशी ट्रेडमिलचा सर्वांत यशस्वी ग्राहक माणूस नाही, उंदीर आहे. थर्मोकोलसारख्या हलक्या पदार्थाचा मोठा चेंडू हवेच्या झोतावर तरंगत ठेवायचा, त्याच्या माथ्यावर उंदीर उभा करायचा, भोवती पडदा लावायचा. उंदीर पळतो, चेंडू फिरतो, चेंडूच्या फिरण्यावरून पडद्यावरचं जग सरकतं. प्रिन्स्टनच्या डेव्हिड टँक यांच्या प्रयोगशाळेने असा उंदीर आभासी वाटेवर पळवला आणि त्याच्या मेंदूत ‘मी या जागी आहे’ हे सांगणाऱ्या पेशींच्या आतले विद्युत संकेत मोजले. ते संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं. डोकं स्थिर असल्याशिवाय इतकी बारीक सुई पेशीत टिकत नाही, म्हणून तो चेंडू.

आणि इथेच वळणाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. लॉस एंजेलिसमध्ये मयंक मेहता यांच्या प्रयोगशाळेत, शरीर जागेवर बांधून ठेवलेले उंदीर आभासी मैदानात मनसोक्त हिंडताना या जागा-पेशींची जागेशी असलेली सांगड बरीच सुटलेली आढळली. उलट प्रिन्स्टनमध्येच दिमित्री अरोनोव आणि टँक यांनी उंदराला अंगाने वळू दिलं, तेव्हा त्या पेशी नेहमीसारख्या वागू लागल्या. माणसांवरचे प्रयोगही त्याच दिशेने बोट दाखवतात. १९९८ साली रॉबर्टा क्लात्झ्की, जॅक लूमिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वळण नुसतं डोळ्यांना दिसून पुरत नाही. अंग प्रत्यक्ष वळलं नाही तर निघाल्या जागेकडे तोंड कुठे करायचं याचा हिशेब चुकतो. ब्रुक्स यांचं ते हँडल आठवा. पायांनी जाणं आणि हातांनी वळणं ही वाटणी नेमकी उलटी होती: जाणं बटणावर सोपवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, वळायला हवं होतं अंगाने.

ही गोष्ट लक्षात घेतली की घरगुती यंत्रांची कथा वेगळी दिसते. २०१३ साली ह्यूस्टनच्या यान खुत्खेलुक यांच्या ‘व्हर्च्युइक्स ओम्नी’ने किकस्टार्टरवर ११ लाख डॉलरहून अधिक जमवले. मागोमाग व्हिएन्नाचं ‘व्हर्च्युअलायझर’ आणि चीनचं ‘कॅट वॉक’ आलं. त्या पिढीच्या यंत्रांत सरकता पट्टा नसतो. खाली गुळगुळीत उथळ थाळी किंवा पाट, पायांत घसरणारे बूट, कमरेला कडं किंवा पट्टा. पाऊल पुढे टाकायचं आणि ते आपसूक मागे घसरू द्यायचं. सर्वदिशी चाल म्हणून जाहिरात होते, पण खरी जमेची बाजू वेगळी आहे: माणूस कड्यात उभा राहून अंगाने वळू शकतो. चालण्याची नक्कल मात्र जेमतेम असते. एका मॉलमधल्या गेम झोनमध्ये एका मुलाला अशा थाळीत पाहिलं. पहिली दोन मिनिटं तो गुडघे उचलून नुसता जागच्या जागी नाचला. मग त्याने युक्ती शोधली: पोट कड्यावर टेकायचं, सगळं वजन पुढे द्यायचं आणि खाली पाय घासत सुटायचं. खेळात तो सुसाट पळत होता. बाहेरून दिसत होतं ते ढकलगाडी ढकलणाऱ्याचं अंग. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या आईने विचारलं, “दमला असशील ना रे?” तो हेडसेटमधूनच म्हणाला, “पाय नाही दमले, पोट दुखतंय.” कड्यावरच्या भाराचं इतकं नेमकं वर्णन मी एकाही लेखात वाचलेलं नाही.

ओम्नीच्या बाबतीत आणखी एक. अमेरिकेबाहेरच्या ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांची मागणी कंपनीला २०१६ साली रद्द करून पैसे परत करावे लागले. एवढं अवजड यंत्र देशोदेशी पाठवायचं, तिथले नियम सांभाळायचे, सुटे भाग पुरवायचे, हे एका नवख्या कंपनीला झेपण्यासारखं नव्हतं. हेडसेट चपलेच्या खोक्यात मावतो. जमीन मावत नाही.

सिनेमाने मात्र ही जमीन कधीच विकून टाकली आहे. स्पीलबर्गच्या २०१८च्या ‘रेडी प्लेअर वन’मध्ये दिसणारी सर्वदिशी ट्रेडमिल ही कॅलिफोर्नियाच्या ‘इन्फिनाडेक’ कंपनीची, पट्ट्यांवर पट्टे असलेली. आणि २०२४च्या जानेवारीत डिस्नेचे संशोधक लॅनी स्मूट यांनी ‘होलोटाइल’ दाखवली, तेव्हा जगभर तिची चित्रफीत फिरली. छोट्या गोल चकत्यांनी भरलेली ही फरशी पट्टा न वापरता तिच्यावरच्या माणसाला हव्या त्या दिशेला सरकवते. एका फरशीवर एकाच वेळी दोघांना वेगवेगळ्या दिशांना नेता येतं, हे आजवरच्या पट्ट्यांना जमणारं नव्हतं. स्मूट स्वतः तिच्यावर दमानं, जपून पावलं टाकताना दिसतात. बारकाईने पाहावं ते तिथे.

या पुस्तकाची मांडणी यंत्रांच्या काळानुसार केलेली नाही. पहिला भाग निघणं आणि थांबणं यांचा आहे. पट्टे, रूळ आणि फरशा तिथे येतात. दुसरा भाग वळण्याचा. उंदीर, चकवा आणि घसरत्या थाळ्या त्यात. तिसऱ्या भागात ही यंत्रं आज प्रत्यक्ष कुठे उपयोगी पडताहेत ते पाहिलंय. पक्षाघातानंतर पुन्हा चालायला शिकणाऱ्यांसाठी पडद्यासमोर ट्रेडमिल लावलेली केंद्रं परदेशात चांगली चालतात. तिथे एकाच दिशेचा पट्टा असतो, रुग्णाला वरून पट्ट्यांनी धरलेलं असतं आणि पट्टा त्याच्या गतीने चालतो. सर्व दिशांची हौस तिथे कुणालाच नसते. ज्याला एकेक पाऊल जपून टाकायचंय त्याला आडवा पट्टा नकोच असतो. म्हणून त्या भागाचं नाव वेगळं आहे आणि तो आकारानेही लहान आहे.

गणित दुसऱ्या प्रकरणात आणि परिशिष्टात एकवटलंय. ज्यांना वेगवाढ आणि अंतर यांच्या सूत्रांचा कंटाळा येतो त्यांनी दुसऱ्या प्रकरणातली मधली चार पानं खुशाल ओलांडावीत. पुढे त्यांची गरज पडत नाही. नियंत्रणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी मात्र परिशिष्टापासून सुरुवात केली तर ‘सायबरवॉक’चं प्रकरण त्यांना अधिक रुचेल. यंत्रांची नावं सगळीकडे मूळ उच्चाराच्या जवळ ठेवली आहेत आणि मापं मीटरमध्येच दिली आहेत. खोल्यांची तेवढी फुटांत, कारण आपण घर मोजतो ते फुटांतच.